खेळाडू मुलं खरंच चपळ असतात का? प्रतिक्रिया काळ नीट मोजायची पद्धत

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की ‘खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रतिक्रिया काळ’ हा विषय एका तरी टेबलावर असतोच. बी.पी.एड.चे, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे, विद्यार्थीही तो आवडीने घेतात. खर्च नाही, मुलं शाळेतच मिळतात, आणि उत्तर काय येणार हे आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. घोळ इथेच होतो. कबड्डीच्या संघातली पाच मुलं आणि वर्गातली पाच मुलं घेतात, प्रत्येकाला वरून सोडलेली पट्टी तीनदा चिमटीत पकडायला लावतात, सरासरी काढून स्तंभालेख रंगवतात आणि खाली लिहितात, ‘खेळामुळे प्रतिक्रिया वेग वाढतो’. त्या वाक्याला आधार देईल असं त्या मोजणीत काहीच नसतं.

हा प्रकल्प पट्टी, टेबल, वही आणि चिठ्ठ्या एवढ्यावर उत्तम होऊ शकतो. मात्र तयारीला वेळ द्यावा लागतो आणि पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो. पुढचा क्रम आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना धरून लिहिला आहे.

टप्पा १ : नेमकं काय मोजायचं ते ठरवा

प्रतिक्रिया काळ म्हणजे खूण मिळाल्यापासून प्रतिसाद सुरू होईपर्यंतचा वेळ. डोळा पाहतो, मेंदू ठरवतो, स्नायूंना आज्ञा जाते. गरम तव्याला हात लागताच तो मागे येतो ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिथे मेंदूच्या निर्णयाची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच आज्ञा निघते. प्रकल्पाच्या फलकावर या दोन गोष्टी एकच म्हणून लिहिलेल्या असतील, तर परीक्षकांचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. प्रतिक्रिया दोन प्रकारची असते. साध्या प्रतिक्रियेत खूण एकच आणि प्रतिसादही एकच: पट्टी सुटली, चिमटी बंद. निवडीच्या प्रतिक्रियेत खुणा अनेक असतात आणि प्रत्येकीला वेगळा प्रतिसाद द्यायचा असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो. मैदानावर बहुतेक वेळा हीच दुसरी लागते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं १७.६८ मीटर अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. त्यातला पाव सेकंद तर बॅट फिरवण्यातच जातो. म्हणून मुरलेला फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाच्या मनगटावरून आणि धावण्यावरून अंदाज बांधू लागतो. खेळाचा सराव मुख्यतः या ओळखण्यात आणि निवडण्यात दिसतो. नुसती पट्टी पकडण्यात खेळाडू आणि इतर यांच्यातला फरक बऱ्याचदा किरकोळ निघतो.

म्हणूनच माझा आग्रह आहे की दोन्ही प्रकार मोजा. फक्त साधी चाचणी घेऊन ‘फरक नाही’ असं लिहिलंत, तर खेळाने जिथे काम केलं असेल ती जागा तुम्ही तपासलेलीच नसेल.

तपासा: प्रश्न एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘नववीतल्या, किमान वर्षभर खो-खो खेळणाऱ्या मुलींचा साधा आणि निवडीचा प्रतिक्रिया काळ नववीतल्याच, कोणताही खेळ नियमित न खेळणाऱ्या मुलींपेक्षा वेगळा आहे का?’ वाक्यात वर्ग, खेळ, कालावधी आणि तुलना यांतलं काही सुटलं असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : गट पाडा

‘खेळाडू’ कोण, हे मोजणीच्या आधी लिहून ठेवा. एक चालणारी व्याख्या अशी: आठवड्यातून किमान तीन दिवस, गेलं वर्षभर, संघात किंवा प्रशिक्षकाकडे नियमित सराव. ‘न खेळणारा’ म्हणजे शाळेच्या शारीरिक शिक्षणाच्या तासापलीकडे नियमित खेळ नसलेला. मधली मुलं पुष्कळ असतील, म्हणजे संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळणारी, सुट्टीत पोहणारी. त्यांना बाजूला ठेवा किंवा तिसरा गट करा. सोयीप्रमाणे इकडेतिकडे मात्र ढकलू नका.

लहानपणापासून तरुणपणापर्यंत प्रतिक्रिया काळ वयाबरोबर कमी होत जातो. त्यामुळे दहावीचा कबड्डी संघ आणि सातवीचा वर्ग यांची तुलना केली, तर तुम्ही वय मोजाल, खेळ नव्हे. सगळ्यात सोपा उपाय जोड्या लावण्याचा. प्रत्येक खेळाडूसाठी त्याच इयत्तेतला, मुलगा असेल तर मुलगा आणि मुलगी असेल तर मुलगी, असा जोडीदार शोधा. निदान वीस जोड्या हव्यात, तीस मिळाल्या तर फारच चांगलं. मुलामुलांमधला नैसर्गिक फरकच इतका असतो की पाच-पाच जणांच्या गटात एखादं फार चपळ किंवा फार संथ मूल सगळी सरासरी फिरवून टाकतं.

खेळही मिसळू नका. टेबल टेनिस आणि लांब पल्ल्याचं धावणं हे दोन्ही खेळच, पण डोळ्यावर आणि हातावर त्यांची मागणी अगदी निराळी. एकच खेळ घ्या. किंवा झटपट निर्णयाचे खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी, बॅडमिंटन, टेबल टेनिस असा एक गट ठरवून घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

प्रत्येकाकडून एक छोटी माहितीपत्रिका भरून घ्या. काल रात्री किती तास झोप झाली, आज चहा-कॉफी घेतली का, चष्मा आहे का, बोटाला दुखापत आहे का, मोबाइलवरचे गेम रोज किती वेळ खेळतो, एवढे प्रश्न पुरेत. गेमचा प्रश्न गाळू नका. मैदानावर कधीही न जाणारा पण रोज दोन तास गेम खेळणारा मुलगा ‘न खेळणाऱ्या’ गटात बसला, तर तुमचा निकाल समजेनासा होईल.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. वहीत नावं लिहू नका, क्रमांक द्या.

टप्पा ३ : पट्टी, जागा आणि माणसं

३० सेंटीमीटरची पट्टी घेणं ही सगळ्यात मोठी चूक. ३० सेंटीमीटर पडायला ०.२४७ सेकंद लागतो. ज्याचा काळ याहून जास्त, त्याच्या हातून पट्टी निसटते. अशा वेळी बहुतेक जण ‘हा प्रयत्न धरायचा नाही, पुन्हा कर’ म्हणतात. म्हणजे मुलाचे संथ प्रयत्न गाळले जातात, फक्त चपळ प्रयत्न वहीत उतरतात आणि संथ मूलही कागदावर चपळ ठरतं. गट कोणताही असो, खरा फरक पुसला जातो.

उपाय साधा आहे. गणिताच्या खोलीतली लाकडी मीटरपट्टी वापरा. ती नसेल तर दोन सारख्या प्लास्टिकच्या पट्ट्या टोकाला टोक लावून मागून तिसऱ्या पट्टीच्या आधाराने घट्ट चिकटवा आणि त्यावर ० ते ६० सेंटीमीटरच्या नव्या खुणा करा. पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची पट्टी करू नका. ती हलकी असल्याने हवेमुळे हळू पडते आणि पुढचं सूत्र तिला लागू होत नाही.

शून्य कुठे आहे तेही पाहा. बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची रेघ टोकावर नसते, अर्धा सेंटीमीटर आत असते. तुम्ही टोक धरून सुरुवात केलीत तर प्रत्येक नोंदीत तेवढी चूक शिरते.

जागा शांत हवी. पंखा बंद ठेवा, कारण वाऱ्याने पट्टी हलते आणि मुलाला ती सुटल्याचा भास होतो. उजेड पकडणाऱ्याच्या पाठीमागून यावा. खोलीत पुढचा नंबर असलेली मुलं बघत बसू देऊ नका. बघून बघून त्यांचा सराव होतो.

माणसं तीन लागतात: सोडणारा, वाचणारा आणि लिहिणारा. सोडणारा सगळ्या मुलांसाठी एकच असावा. कोण कुठल्या गटातला हे सोडणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला माहीत नसेल तर उत्तम, म्हणून हे काम दुसऱ्या तुकडीतल्या मुलांकडे द्या. ‘हा तर आपल्या संघाचा कॅप्टन’ हे ठाऊक असलं की २१.५ चं वाचन नकळत २१ होतं.

तपासा: तिघांनी आपसात वीस वेळा पट्टी सोडून पाहा. पट्टी सरळ पडते का? सोडणाऱ्याचं बोट, श्वास किंवा भुवई आधी हलते का? वाचणाऱ्याने आणि दुसऱ्या कुणी त्याच प्रयत्नाचं वाचन वेगवेगळं केलं तर अर्ध्या सेंटीमीटरच्या आत जुळतं का? हे जमेपर्यंत खरी मोजणी सुरू करू नका.

टप्पा ४ : साधी चाचणी

हा क्रम प्रत्येक मुलासाठी जसाच्या तसा पाळा.

१. मूल खुर्चीवर बसेल. लिहिण्याच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं सगळं टेबलावर टेकलेलं, फक्त पंजा कडेच्या बाहेर. हात अधांतरी ठेवला की पकडताना तो खाली झेपावतो आणि वाचन बिघडतं.

२. अंगठा आणि तर्जनी यांत तीन सेंटीमीटर अंतर. हे डोळ्याने ठरवू नका. तीन सेंटीमीटर जाडीचा थर्माकोलचा तुकडा चिमटीत ठेवून अंतर लावा आणि तो काढून घ्या.

३. सोडणारा पट्टी वरून धरेल. शून्याची रेघ अंगठ्याच्या वरच्या कडेशी जुळलेली असावी. पट्टी बोटांना टेकता कामा नये.

४. मुलाने सोडणाऱ्याच्या हाताकडे किंवा चेहऱ्याकडे न पाहता पट्टीवरच पाहायचं. पट्टीवर दहा सेंटीमीटरपाशी एक जाड काळी रेघ ओढा आणि ‘याच रेघेकडे बघ’ असं सगळ्यांना सांगा.

५. ‘तयार’ म्हणायचं आणि मग थांबायचं. किती थांबायचं हे मनाने ठरवू नका, कारण माणूस लवकरच लयीत सापडतो आणि मुलं ती लय पकडतात. एक ते पाच सेकंदांच्या चिठ्ठ्या करा. लिहिणारा चिठ्ठी उचलून सोडणाऱ्याला आकडा दाखवेल, सोडणारा मनात तेवढे सेकंद मोजून पट्टी सोडेल. आकडा मुलाला दिसू नये.

६. पकडल्यावर अंगठ्याच्या वरच्या कडेशी वाचन घ्या. नेहमी तिथेच, कधी बोटाच्या मध्याशी, कधी खालच्या कडेशी असं नको.

७. आधी पाच सराव प्रयत्न, ते लिहायचे नाहीत. मग अकरा खरे प्रयत्न, ते सगळे लिहायचे. अकराच का, ते टप्पा ६ मध्ये येईल.

एक गोष्ट जवळून पाहायला शिका. चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर मुलाचा अंगठा हळूच पट्टीकडे सरकतो. पाच-सहा मिलिमीटर कमी झालेले दुरून कळतही नाहीत. मुलाला फसवायचं नसतं, हात आपोआप सोयीची जागा शोधतो. स्पर्धेची सवय असलेल्या मुलांच्या बाबतीत हे लवकर होतं, म्हणजे चूक नेमकी एकाच गटाच्या बाजूला झुकते. म्हणून दर दोन प्रयत्नांनंतर थर्माकोलचा तुकडा पुन्हा लावा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

सावध: वाचन ५ सेंटीमीटरपेक्षा कमी आलं तर ती प्रतिक्रिया नव्हे, अंदाज आहे. ५ सेंटीमीटर म्हणजे ०.१०१ सेकंद. ॲथलेटिक्समध्येही पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर चुकीची सुरुवात धरतात. बर्लिनमध्ये २००९ साली १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावताना उसेन बोल्टचा प्रतिक्रिया काळ ०.१४६ सेकंद होता, आणि तोही आवाजाला. कानाने मिळालेल्या खुणेला प्रतिसाद डोळ्याच्या खुणेपेक्षा साधारणपणे लवकर येतो. तेव्हा शाळेतल्या मुलाची पट्टीवर ०.०८ सेकंदाची सरासरी आली, तर कौतुक करण्याआधी पद्धत तपासा. असा प्रयत्न वहीत लिहा, त्यावर ‘अं’ अशी खूण करा आणि बदली प्रयत्न घ्या. कुणाचे अंदाज किती झाले, तेही मोजून ठेवा.

पट्टी हातातून निसटली तर ‘निसटली’ असं लिहा आणि त्याचा बदली प्रयत्न देऊ नका. टप्पा ६ मध्ये तिचाही हिशोब होतो.

मुलांचा क्रम आलटून पालटून ठेवा: एक खेळाडू, एक न खेळणारा. खेळाडू सकाळी ताजेतवाने आणि बाकीचे शेवटच्या तासाला पेंगुळलेले, असं झालं तर वही फेकून द्यावी लागेल. मैदानावरून धापा टाकत आलेल्या मुलालाही लगेच बसवू नका. निदान वीस मिनिटं विश्रांती द्या.

टप्पा ५ : निवडीची चाचणी

इथे दोन मार्ग आहेत. दोन्ही केलेत तर उत्तम, एकच करायचा असेल तर पहिला करा.

*दोन पट्ट्यांची चाचणी.* मुलाचे दोन्ही हात टेबलावर, दोन्ही चिमट्या तयार. सोडणारा दोन्ही हातांत एकेक पट्टी धरतो. चिठ्ठीवर थांबायचे सेकंद आणि ‘डावी’ किंवा ‘उजवी’ लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे एकच पट्टी सुटते. मुलाने तीच पकडायची आणि दुसरी चिमटी उघडी ठेवायची. बाकी सगळं टप्पा ४ प्रमाणे, फक्त प्रयत्न बावीस: अकरा डाव्या आणि अकरा उजव्या, चिठ्ठ्या मिसळलेल्या.

दुसरी चिमटी मिटली तर ती चूक, आणि ती लिहायचीच. नाहीतर हुशार मूल दोन प्रयत्नांतच शोधून काढतं की काहीही हललं की दोन्ही हात मिटावेत. मग निवड उरतच नाही आणि तुम्ही पुन्हा साधी प्रतिक्रियाच मोजत बसता. वेळ आणि चुका हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या चाचणीला अर्थ नाही. कमी वेळ पण दुप्पट चुका म्हणजे चपळाई नव्हे, घाई.

*पत्ते लावण्याची चाचणी.* ड्रॉइंग पेपरचे सारख्या मापाचे ४० तुकडे कापा. दहांवर गोल, दहांवर त्रिकोण, दहांवर चौकोन, दहांवर फुली काढा. रंग वापरू नका, लाल-हिरव्यात गोंधळ होणारी मुलं असतात. पहिल्या फेरीत गठ्ठा उलटा धरून, आकार न बघता, आलटून पालटून दोन ढीग करायचे. दुसऱ्या फेरीत गठ्ठा सुलटा. गोल आणि त्रिकोण डावीकडे, चौकोन आणि फुली उजवीकडे. दोन्ही फेऱ्यांचा वेळ स्टॉपवॉचवर घ्या. समजा पहिलीला २० सेकंद लागले आणि दुसरीला ३०. जास्तीचे १० सेकंद ४० निर्णयांचे, म्हणजे प्रत्येक निर्णयाला ०.२५ सेकंद. हात किती वेगाने चालतो ते वजाबाकीत निघून जातं. स्टॉपवॉच दाबायला झालेला उशीर ४० तुकड्यांत वाटला जातो, म्हणून साधं घड्याळही चालतं.

चार ढिगांची फेरी घ्यायची असेल तर तिची वजाबाकीची फेरीही चार ढिगांचीच हवी. हात लांबवर न्यायला वेळ लागतो, त्याचा दोष मेंदूच्या माथी मारू नका.

सावध: मोबाइलवरची ॲप्स सोयीची वाटतात. पण पडद्यावर चित्र बदलायला आणि स्पर्श नोंदवायला वेळ लागतो. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर एका बदलाला जवळपास १७ मिलिसेकंद जातात, आणि स्पर्शाचा उशीर त्यापुढे वेगळाच. ॲप वापरायचंच असेल तर सगळ्यांना एकच फोन द्या, बॅटरी बचत बंद ठेवा, आणि ॲपचे आकडे पट्टीच्या आकड्यांशेजारी मांडू नका.

टप्पा ६ : आकडेमोड

सूत्र: काळ = √(२ × अंतर ÷ ९८०). अंतर सेंटीमीटरमध्ये, काळ सेकंदांत. झटपट पडताळ्यासाठी हे आकडे फलकावर लिहून ठेवा.

१० सेंमी : ०.१४३
१५ सेंमी : ०.१७५
२० सेंमी : ०.२०२
२५ सेंमी : ०.२२६
३० सेंमी : ०.२४७
४० सेंमी : ०.२८६
५० सेंमी : ०.३१९
६० सेंमी : ०.३५०

आकडे बघितले की कळेल, अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. ‘याची पट्टी दहावर पकडली, त्याची वीसवर, म्हणजे हा दुप्पट चपळ’ हे वाक्य म्हणूनच चूक. आणि म्हणूनच अंतरांची सरासरी काढून मग ती सूत्रात टाकणंही चूक. १० आणि ३० सेंटीमीटर घ्या. त्यांची सरासरी २०, वेळ ०.२०२. पण दोन्हींचे वेळ आधी काढून सरासरी घेतली तर येते ०.१९५. सात मिलिसेकंदांचा फरक नुसत्या हिशोबाच्या क्रमाने आला, आणि तुम्ही शोधताय तो फरकही कदाचित एवढाच असेल.

यातून सुटायचा सोपा रस्ता म्हणजे मध्यक. मुलाची अकरा वाचनं चढत्या क्रमाने लावा आणि सहावं उचला. तेवढंच सूत्रात टाका. अकरा वेळा वर्गमूळ काढायची गरज नाही, कारण क्रम अंतरांचा असो वा वेळांचा, सहावा तोच राहतो. ‘निसटली’ हे वाचन सगळ्यांत शेवटी लावायचं. पाचपर्यंत निसटल्या तरी मध्यक निघतो आणि संथ प्रयत्न गाळलेही जात नाहीत. दोन पट्ट्यांच्या चाचणीत डाव्या अकरांचा मध्यक आणि उजव्या अकरांचा मध्यक वेगवेगळा काढा. दुसरी चिमटी मिटलेले प्रयत्न या रांगेत धरू नका. त्यांचा आकडा चुकांच्या रकान्यात जाईल, आणि उरलेले प्रयत्न सम संख्येत असतील तर मधल्या दोन वाचनांचे वेळ काढून त्यांची सरासरी घ्या.

वीस सेंटीमीटरच्या आसपास एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद. तुमचं वाचन अर्ध्या सेंटीमीटरपर्यंतच खरं असेल, तर उत्तर ०.२०२०३ असं लिहू नका. दशांशानंतर तीन आकडे पुरेत.

स्तंभालेखावर थांबू नका. प्रत्येक मुलाचा एक ठिपका असा आलेख काढा, दोन्ही गट शेजारी शेजारी. दोन्ही गटांचे ठिपके बऱ्यापैकी एकमेकांत मिसळलेले दिसतील. दोन उंच-बुटक्या खांबांत हे झाकलं जातं.

टप्पा ७ : फरक खरा की योगायोग?

हा टप्पा शाळेतल्या प्रकल्पांत जवळपास कुणीच करत नाही, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. संगणक लागत नाही.

सगळ्या मुलांचे मध्यक एकेका चिठ्ठीवर लिहा. गटाचं नाव लिहू नका. समजा वीस आणि वीस, एकूण चाळीस चिठ्ठ्या. त्या डब्यात चांगल्या हलवून वीस-वीसचे दोन ढीग करा. दोन्ही ढिगांची सरासरी काढून फरक लिहा. पुन्हा मिसळा, पुन्हा ढीग, पुन्हा फरक. पाच जणांनी मिळून प्रत्येकी वीस वेळा केलंत तर शंभर फरक मिळतील.

आता पाहा, तुमच्या खऱ्या गटांत आलेल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा फरक, दिशा कोणतीही असो, शंभरपैकी किती वेळा निव्वळ मिसळण्यातून आला? तीस वेळा आला असेल तर तुमचा फरक योगायोगानेही सहज पडू शकतो. दोनदाच आला असेल तर तो गंभीरपणे घ्यायला हरकत नाही. पाचाच्या आत असेल तर फरक मानायचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हा आकडा प्रकल्पात लिहाच.

तपासा: हा हिशोब साध्या चाचणीसाठी एकदा आणि निवडीच्या चाचणीसाठी एकदा, स्वतंत्र करा. दोन्हींचे आकडे एकत्र मिसळून चालणार नाही.

टप्पा ८ : ‘मुळे’ हा शब्द वापरायचा असेल तर

इथवर आलात आणि खेळाडू चपळ ठरले, तरी ‘खेळामुळे’ म्हणायचा अधिकार मिळालेला नाही. संघ निवडताना सर चपळ मुलंच उचलतात. ती खेळायला लागण्याआधीही चपळ असू शकतात. कारण आणि परिणाम कोणत्या बाजूने जातो, हे अशा तुलनेतून कळत नाही.

ते कळायचं असेल तर आधी-नंतर मोजणी करा. न खेळणाऱ्या मुलांतून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. मुलांनी स्वतः गट निवडायचा नाही, नाहीतर उत्साही मुलं एकीकडे जमतील. दोन्ही गटांची आज मोजणी करा. एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस सराव द्या. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष, पण चालणं आणि ताणाचे व्यायाम. आठ आठवड्यांनी दोघांची पुन्हा तशीच मोजणी, त्याच वेळी, त्याच टेबलावर.

सरावासाठी तीन गोष्टी पुरेत. जोडीदाराने खांद्याच्या उंचीवरून टेनिसचा चेंडू सोडायचा आणि दोन पावलांवर उभ्या मुलाने दुसऱ्या टप्प्याआधी तो पकडायचा. पुढे दोन चेंडू धरून त्यातला एकच सोडायचा. दुसरं, खो-खोतलं उठणं: मूल पाटीवर बसलेलं, मागून अनिश्चित वेळाने खो मिळतो आणि हाक देणारा हाताने दाखवेल त्या दिशेला पळायचं. तिसरं, डावी-उजवीकडे खुणेचे शंकू ठेवून, पुकारलेल्या आकड्यावरून दिशा ओळखून झेप घ्यायची. अंग गरम झाल्यावर लगेच दहा-बारा मिनिटं, प्रत्येक प्रकार सहा-आठ वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती. मुलं दमून संथ झाली की थांबवा. दमलेल्या अंगाने केलेला हा सराव फुकट जातो.

सावध: या आठ आठवड्यांत पट्टी पकडण्याचा सराव देऊ नका, पट्टी वर्गात ठेवूही नका. नाहीतर मुलं पट्टीत तरबेज होतील आणि तुम्ही त्याला खेळाचा परिणाम म्हणाल. दुसऱ्या गटाची मोजणी गाळणं हीही तशीच चूक. दुसऱ्यांदा बसल्यावर सगळीच मुलं थोडी सुधारतात. दुसऱ्या गटाची सुधारणा वजा केल्यावर जे उरेल, तेवढंच सरावाचं.

टप्पा ९ : निष्कर्ष लिहा

फक्त तुलना केली असेल तर असं लिहा: ‘आमच्या शाळेतल्या नववीच्या वीस खो-खोपटूंचा निवडीचा प्रतिक्रिया काळ वीस न खेळणाऱ्या मुलींपेक्षा अमुक मिलिसेकंदांनी कमी आढळला. चिठ्ठ्या मिसळून केलेल्या शंभर वाटण्यांपैकी तीनमध्येच एवढा फरक आला. साध्या प्रतिक्रिया काळात असा फरक दिसला नाही.’ आकडे तुमचे असतील, वाक्याचा साचा हाच ठेवा. ‘सर्व विद्यार्थी’, ‘सिद्ध झाले’, ‘खेळामुळे बुद्धी तल्लख होते’ हे शब्द काढून टाका. बुद्धी तुम्ही मोजलेलीच नाही.

फरक आला नाही तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहा. फरक न दिसलेला पण नीट मोजलेला प्रकल्प, फरक दिसलेल्या पण कच्च्या प्रकल्पापेक्षा केव्हाही वरचढ. मुलांना हे शिक्षकांनीच ठामपणे सांगायला हवं, कारण ‘उत्तर चुकलं’ असं वाटून मुलं रात्रीतून आकडे बदलतात.

प्रदर्शनाच्या टेबलावर फलकाइतकीच मूळ वहीही ठेवा. निसटलेल्या पट्ट्या, ‘अं’ची खूण केलेले प्रयत्न, खोडलेली वाचनं वाचता येतील अशी, एकाच आडव्या रेघेने खोडलेली असावीत. व्हाइटनर लावलेली वही परीक्षक हातात घेतात आणि लगेच खाली ठेवतात.